विहिरीत नाव घेत नाहीत

आमच्या शेजारचे सिद्राम अण्णा जगातली प्रत्येक लांबी परसात मोजायचे. परस म्हणजे एका उभ्या माणसाएवढी खोली. कुंभारीच्या कामगार वसाहतीतलं आमचं घर त्यांच्या हिशेबानं तीन परस लांब होतं, नळ आठ परसांवर होता आणि मी कॉलेजात गेले त्या वर्षी त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं, "वहिनी, पोरगी परसभर झाली की. आता पत्रकं वाटत हिंडायची बंद करा तिला."

"टेप असताना परस कशाला मोजता?" असं मी एकदा विचारलं होतं.

"हीर मानसानंच मोजायची असती, पोरी. टेप खाली पडला तर कुणी रडत न्हाय."

अण्णांची विहिरी खोदणारी टोळी होती. टोळी म्हणजे चार-पाच माणसं आणि एक यारी. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर बसवलेली डिझेल इंजिनाची क्रेन. तिचा हात विहिरीवर येतो, त्यावरून तारेचा दोर खाली जातो, दोराला लोखंडी बादली. खालची माणसं दगड भरतात, यारीवरचा माणूस ओढतो. भरलेली बादली वर, रिकामी खाली, दिवसभर. आणि इंजिन चालू असलं की खालच्या माणसाचा आवाज वर येत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की अण्णा सगळे कळतात.

आवाज येत नाही म्हणून काठावर एक माणूस लागतो. तो पालथा पडून खाली बघतो आणि हात वर करून यारीवाल्याला खूण करतो. अण्णा तीस वर्षं हेच काम करत होते. बाकीच्यांचे सदरे कोपरावर फाटतात, अण्णांचे पोटावर फाटायचे. त्यांची बायको शांताक्का पोटावर ठिगळं लावता लावता म्हणायची, "दुसऱ्याचा नवरा वर बघून चालतो. माझा जिथं तिथं खाली बघत."

दुसरी सवय मोजायची. कुणाच्याही घरी गेले की आधी दारातल्या चपला मोजायचे, निघताना परत मोजायचे. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात जेवणाच्या मांडवाच्या तोंडाशी उभे राहून हे गृहस्थ आत जाणारी माणसं मोजत होते. मामांना वाटलं, मुलाकडच्यांनी नजर ठेवायला माणूस बसवलाय. विचारलं तर अण्णा लाजले. "सवय हाय हो. गेली किती, आली किती."

यारीवर बाशाभाई बसायचे. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यातले, बारीक, सदा खोकणारे. अण्णा हात वर करेपर्यंत त्यांचा हात दांड्यावर थिजलेला असायचा. आणि खाली उतरायचा रेवण, शांताक्काचा भाचा. लहानपणीच आई गेल्यामुळं तो अण्णांच्याच घरी वाढलेला. विहिरीत उतरण्याआधी खिशातल्या कंगव्यानं भांग पाडायचा. "खाली कोण बघणार हाय रे तुजं तोंड?" असं अण्णांनी म्हटलं की म्हणायचा, "आसरा हायत की. साती जणी. बायाच हायत त्या."

हसण्यावारी नेलं तरी आसरांचं भय सगळ्यांना खरं होतं. पाण्यातल्या त्या सात जणी. विहिरीत उतरलेल्या माणसाचं नाव काठावरून घ्यायचं नाही, हा या टोळ्यांचा नेम. नाव कानावर पडलं की आसरा ते धरून ठेवतात आणि पाणी लागलं की त्याच नावानं माणसाला हाक मारतात. म्हणून काठावरून फक्त "ए", "हं", "ओढ", "सोड". पाच-पाच वर्षं एकत्र काम केलेली माणसं कामावर एकमेकांना नावच नसल्यासारखी वागायची.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. गादीखाली पत्रकं, पिठाच्या डब्याखाली पत्रकं, मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. तेव्हा असलं काही ऐकलं की माझं टाळकं सरकायचं. मी अण्णांना अंधश्रद्धेवर चांगलं अर्धा तास ऐकवलं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "बराबर हाय तुजं. तू उतर आदी. सात परस खाली. मंग हितं बसून बोलू." पुढं त्या नेमाबद्दल मी बराच काळ काही बोलले नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

वॉकीटॉकीचे सेट आले ते रेवणमुळं. खडकात सुरुंग लावला की दारूचा धूर विहिरीत साचून राहतो. एका उन्हाळ्यात धूर गेलाय असं वाटून रेवण उतरला, आणि अर्धी बादली भरल्यावर खाली बसला. अण्णांना वरून वाटलं, दम घेतोय. तो ओरडत होता, इंजिन त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतं. मग त्याची मान पडली. अण्णा ओलं फडकं तोंडाला बांधून, दोराला धरून खाली गेले आणि त्याला खांद्यावर टाकून बादलीतून वर आले. रेवण दोन दिवस दवाखान्यात होता. अण्णा दोन दिवस दवाखान्याच्या दारात चपला मोजत होते.

तिसऱ्या दिवशी ते शहरात गेले आणि मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानातून तीन वॉकीटॉकी घेऊन आले. काळे, हातभर अँटेनाचे, परदेशातून आलेले. परवाना, पावती, काही नाही. दुकानदारानं विचारलं नाही, यांनीही विचारलं नाही. खोक्यात घडी घातलेला एक कागद होता. तो घेऊन अण्णा माझ्याकडं आले.

"पत्रकवाली, हे बी पत्रकच हाय. वाच."

एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मी वाचून मराठीत सांगत गेले. बॅटरी किती तास चालते, बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. बोलण्याआधी ज्याला बोलावता त्याचं नाव घ्या, मग आपलं नाव सांगा, मग निरोप.

"हे आपल्यात चालत न्हाय," अण्णा म्हणाले. "फुडं."

पुढं शेवटी बारीक अक्षरांत होतं की आपल्या देशातल्या सरकारची परवानगी घेतल्याशिवाय हे यंत्र वापरू नये, काही रेडिओ-लहरी पोलीस, रुग्णवाहिका अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या असतात.

"मंग?" अण्णांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं.

आणि मी, जिला त्या वयात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर घोषणेत सुचायचं, ताठ मानेनं म्हणाले, "अण्णा, मरायला परवाना लागत नाही, मग जगायला कशाला?"

त्यांना ते फार आवडलं. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि वाक्य बरोबर घेऊन गेले. पुढं वर्षभर ते माझंच वाक्य मला कुठं कुठं ऐकू येत राहिलं. चहाच्या टपरीवर, शेतमालकापुढं, मंद्रूपच्या बाजारात. "आमची पोरगी म्हनती," असं आधी म्हणायचे. मला अभिमान वाटायचा.

सेटांनी काम बदललं, हे खोटं नाही. रेवण खालून बोलायचा, बाशाभाई वर ऐकायचे. "थांबा, दगड मोठा हाय." "जरा डावीकडं." पावसाळ्यात कडेचा एक भाग ढासळायला लागला तेव्हा रेवणनं खालून सांगितलं आणि दोघं जण वेळेवर वर आले. त्या दिवशी शांताक्कानं सेटांना हळद-कुंकू लावलं. अँटेनाला हार घातला.

एकदा दुपारी सेटवर वेगळाच दरडावणीचा आवाज आला. कुणीतरी कुणाला तरी कंट्रोलवरून गाडी पाठवायला सांगत होतं. बाशाभाईंनी सेटला सलाम ठोकला. "अण्णा, साब लोगां बात कररै."

"मोठी मानसं बोलत्यात. गप बसा," म्हणून अण्णांनी बादली अधांतरी थांबवली. आवाज गेल्यावर त्यांनी सेटचा खटका फिरवून पाहिला. एक नंबरला साहेब, तीन नंबरला नुसती खरखर. दोन नंबरला शांत. "आपलं दोन नंबर," त्यांनी ठरवून टाकलं. ती लहर कुणाची, तिथं शांतता का, हे विचारायचं कुणाला आणि कुठल्या कचेरीत?

त्याच सुमारास मंद्रूपकडच्या धोंडप्पाच्या टोळीतला एक माणूस बादलीचा धक्का लागून पायानं अधू झाला. धोंडप्पाची टोळी म्हणजे धंद्यातली अण्णांची स्पर्धा. अण्णा दुसऱ्याच दिवशी दोन नवे सेट घेऊन त्याच्या कामावर गेले. शांताक्का रागावली. "वैऱ्याला कुणी हत्यार देतं का?"

"हिरीत उतरलेली मानसं समदी एकाच गावची असत्यात," अण्णा म्हणाले. आपलं एक दिवसाचं काम बंद ठेवून त्यांनी धोंडप्पाच्या माणसांना बटण कसं दाबायचं, कधी सोडायचं, सगळं शिकवलं. आणि निघताना त्यांच्या सेटचे खटके स्वतःच्या हातानं फिरवून ठेवले. दोन नंबरवर. तिथं शांत असतं म्हणून.

महिनाभर दोन्ही टोळ्यांची कामं लांब लांब होती. मग एक काम असं आलं की अण्णांची विहीर माळाच्या अलीकडं आणि धोंडप्पाची पलीकडं, मध्ये कोसभर उघडं रान. ना झाड, ना टेकडी.

दुपार होती. खाली रेवण एका मोठ्या धोंड्याला साखळी गुंडाळत होता. सोबतचा गडी पाणी प्यायला वर आलेला. इंजिन चालू. अण्णा काठावरच होते, पण उभे. सेट आल्यापासून त्यांचं पालथं पडून बघणं हळूहळू सुटलं होतं. वर्षभरात एकही सदरा पोटावर फाटला नव्हता. सेटवर आवाज आला, "ओढ."

नाव नाही. नेमाप्रमाणं नावाशिवायच. आणि त्या स्वस्त सेटमधून सगळ्यांचे आवाज सारखेच फुटके येतात. अण्णांनी हात वर केला. बाशाभाईंनी दांडा ओढला. साखळीचा दुसरा वेढा अजून बसायचा होता. धोंडा परसभर वर आला आणि निसटला.

रेवणचा कंगवा वरच्या खिशात जसाच्या तसा होता.

पोलीस आले. पंचनामा झाला. त्यात सेटांचे नंबर अक्षर न अक्षर उतरवले गेले, अँटेनाची लांबी लिहिली गेली, परदेशी बनावटीचे, विनापरवाना, प्रतिबंधित लहरीवर चालणारे असं सगळं लिहिलं गेलं. सेटांबद्दल गुन्हा नोंदला. रेवणबद्दल नोंद झाली ती 'अकस्मात मृत्यू' अशी. मी दोन्ही कागद वाचले आहेत. या देशात माणूस विहिरीत मरतो तेव्हा तो अकस्मात मरतो. खाली वारा सोडायचं यंत्र नसणं अकस्मात, डोक्यावर लोखंडी टोपी नसणं अकस्मात, टोळीची कुठल्याच दप्तरात नोंद नसणं अकस्मात. जाणूनबुजून घडलेली गोष्ट एकच सापडते, आणि ती मुद्देमालात जमा होते.

पण मला इथं फक्त सरकारवर बोट ठेवून सुटता येत नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या अंगणात माणसं जमली होती. बाशाभाई तीन दिवस जेवले नव्हते. भिंतीला टेकून एकच म्हणत होते, "मैं सुन्या अण्णा. अल्लाकसम, कान से सुन्या, ओढ बोल्या वो." आणि लोक एकमेकांकडं बघत होते, कारण रेवणनं सेट हातात घेतल्याचं दिसत नव्हतं. तो कमरेला तसाच अडकवलेला सापडला होता.

धोंडप्पा सांत्वनाला आला होता. त्यानं सहज विचारलं, "किती वाजता झालं म्हनायचं?"

"जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आदी," कुणीतरी सांगितलं.

धोंडप्पा विचार करत राहिला. मग त्याचा चेहरा उतरत गेला, तो मी पाहिला. "तवा आमी बी बादली वडत हुतो," तो हळूच म्हणाला. "मीच म्हनलो. ओढ म्हनून. दोन नंबरवर."

धोंडप्पा उठून उभा राहिला, त्याला वाटलं असावं की आता कुणीतरी मारील. अण्णा त्याच्याकडं बघत होते.

"तुजी बादली नीट आली का वर?" त्यांनी विचारलं.

"आली."

"मानसं?"

"समदी आली, अण्णा."

"मंग बरं." आणि बाशाभाईंकडं वळून म्हणाले, "तू बराबर ऐकलंस. जेव आता."

दुसऱ्या दिवशी अण्णा धोंडप्पाकडचे दोन्ही सेट घेऊन आपण होऊन पोलिसांत गेले. मी सोबत होते. पाचही सेट माझेच, मीच आणले, मीच वापरले, एवढंच त्यांनी सांगितलं. धोंडप्पाचं नाव काढलं नाही. वायरलेसचं बघणारे एक साहेब तिथं आले होते. मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण ते भांडले नाहीत. त्यांनी एक तक्ता दाखवला. कुठली लहर कुणाला दिली आहे त्याचा. दोन नंबर राखीव पट्ट्यातच होता, फक्त आमच्या भागात तो क्वचित वापरला जायचा. "उद्या रुग्णवाहिकेला निरोप चाललाय आणि मध्येच कुणीतरी ओढ म्हणालं तर?" त्यांनी विचारलं.

"आलं की साहेब मदी," अण्णा म्हणाले. "आमच्यातच आलं."

साहेबांनी तक्ता मिटला. मग म्हणाले, "परवाना न लागणारे कमी ताकदीचे सेट मिळतात हो. कोसभर गेलेच नसते त्यांचे आवाज. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "न्हाय," ते म्हणाले. "आमाला सांगनारं कोन न्हवतं."

बाहेर आल्यावर मी बोलायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. खिशातून तो घडीचा कागद काढून मला परत दिला. "ठेव तुज्याकडं. तुला वाचता येतं." यात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागलं. माझं ते वाक्य त्यांच्या तोंडून मी नंतर कधीच ऐकलं नाही. पत्रकं मी अजून लिहिते. पण ज्या पत्रकातलं वाक्य कुणाच्या तरी डोक्यावर धोंडा होऊन पडणार नाही याची खात्री होत नाही, ते छापायला देत नाही. विहिरींवरच्या कामगारांसाठी एक लिहिलं आहे. त्यात घोषणा एकही नाही. कुठला सेट घ्यावा, कुठला घेऊ नये, आणि बोलण्याआधी नाव घ्यावं, एवढंच आहे.

नाव घेण्याची सुरुवात अण्णांनी माझ्याआधी केली. रेवणचं झालं, त्यानंतरच्या पहिल्याच कामावर ते काठावर पालथे पडले आणि खाली उतरलेल्या गड्याला त्यांनी नावानं हाक मारली. पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट. गडी दोराला धरून वर आला आणि चप्पल घालून चालू पडला. दुसराही टिकला नाही. पंचक्रोशीत बोभाटा झाला की सिद्राम भाच्याच्या दुःखानं फिरलाय, आसरांना माणसं नावानिशी देतोय. मी त्या गड्यांच्या घरी जाऊन बोलले. एकाची बायको म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या हायसा. आमचा मानूस एकच हाय."

अण्णा बधले नाहीत. "नाव न घेता एक गेला," एवढंच म्हणायचे.

परवा त्यांच्या खटल्याची पुढची तारीख सांगायला मी त्यांच्या कामावर गेले. लांबूनच यारीचा हात दिसला. काठावर बाशाभाई एकटेच. इंजिन बंद करून ते विहिरीपाशी गुडघे टेकून बसले होते आणि खोकत होते.

"अण्णा कुठायत?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. साठीला टेकलेला माणूस. उतरायला कुणी मिळेना म्हणून स्वतः उतरला होता.

"हर बार इंजिन बंद करना बोल्या. नाव लेना, जवाब आया तोच खींचना." बाशाभाईंनी छाती धरली. "ताई, मेरा आवाज जातच नै आज. तुमी बुलाव."

मी काठावर पालथी पडले. माती पोटाला गरम लागली. खाली सावलीत काहीतरी हलत होतं, माणूस म्हणावं एवढंसुद्धा नाही. सहा परस असेल. सात असेल. लहानपणापासून मी त्यांना अण्णाशिवाय हाक मारली नव्हती.

"सिद्राम!" मी ओरडले. मग त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन पुन्हा पूर्ण.

हाक भिंतींवर आपटत खाली गेली. उत्तर आलं नाही. बाशाभाई यारीवर जाऊन बसले होते, त्यांचा हात दांड्यावर होता आणि हलत नव्हता. मी पुन्हा श्वास घेतला, तेवढ्यात खालून, अगदी नेहमीच्या आवाजात आलं,

"हाय. ओढा."

इंजिन सुरू झालं. दोर ताणला, बादली हळूहळू वर आली आणि बाशाभाईंनी ती बाजूला रिकामी केली. नुसते दगड होते. अण्णा खालीच होते, रिकाम्या बादलीची वाट बघत.